एकाच षड्जावरच्या दोन सिंफनी

मिरजेहून दोन महिन्यांसाठी आलेल्या बाबांना मी इथल्या, पोलंडमधल्या व्रोत्स्वाफच्या नॅशनल फोरम ऑफ म्युझिकमध्ये घेऊन गेले. कार्यक्रम सोपा नव्हता: आधी विसाव्या शतकातला पोलिश संगीतकार लुतोस्वाफ्स्की याची तिसरी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना), मध्यंतरानंतर एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार ब्राम्स याची चौथी. पण बाबांनी भजनात चाळीस वर्षं पखवाज वाजवलाय. लयीचं काही असलं की त्यांचा कान तिथेच बसतो, हे मला ठाऊक होतं.

२०१५ साली उघडलेल्या या इमारतीला नावच लुतोस्वाफ्स्कीचं आहे. बाहेरचा रंग व्हायोलिनच्या लाकडाचा. सतारमेकर गल्लीशेजारी वाढलेल्या बाबांनी आत शिरण्याआधी भिंतीवरून हात फिरवला.

लुतोस्वाफ्स्कीची सुरुवात म्हणजे 'ई' हा एकच स्वर, चार वेळा, खटाखट. दारावर थाप पडावी तसा. मग लगेच सगळं सुटं होतं. कंडक्टर खूण करतो आणि हात खाली घेतो. त्यानंतर प्रत्येक वादक आपापली ओळ आपापल्या गतीने वाजवतो, पुढची खूण येईपर्यंत. स्वर लिहिलेले, पण ठोका सामायिक नाही. बाबा माझ्या कानाशी आले, "अगं, हे ताल सोडून वाजवतायत का?" मी म्हटलं, "सोडायलाच सांगितलंय, बाबा." त्यानंतर ते पुढे झुकूनच बसले. आम्ही बाजूच्या बाल्कनीत होतो, त्यामुळे कंडक्टरचा हात कधी थांबतो आणि कधी उचलला जातो हे स्पष्ट दिसत होतं. ही सिंफनी ऐकायला जाल तर तिकीट असंच काढा. हात दिसला की अर्धी रचना उलगडते. एका पियानोवर दोघं वाजवतात, दोन हार्प आहेत, घंट्यांसारखा वाजणारा सेलेस्टा आहे. त्या सुट्या भागांत या सगळ्यांचा मिळून जो झिरमिर आवाज येतो तो मी रेकॉर्डिंगमध्ये कधीच ऐकला नव्हता. मधूनमधून तीच चार ठोक्यांची थाप येते आणि पसारा कापून टाकते. अर्ध्या तासानंतर शेवटही त्याच थापेवर. १९८३ साली शिकागोत कंडक्टर सोल्टीने ही पहिल्यांदा सादर केली, दोन वर्षांनी तिला संगीतरचनेसाठीचा पहिला ग्रॉमायर पुरस्कार मिळाला. ती रक्कम लुतोस्वाफ्स्कीने परदेशी शिकू पाहणाऱ्या तरुण पोलिश संगीतकारांच्या शिष्यवृत्तीला दिली.

ब्राम्सचीही या गावाशी ओळख आहे. हे जर्मन गाव होतं, ब्रेस्लाउ नावाचं, तेव्हा इथल्या विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि त्याने आभार म्हणून एक ओव्हर्चर, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची छोटी रचना, लिहिलं. चौथी सिंफनी नंतरची, १८८५ची, आणि ती ई मायनरमध्ये आहे. म्हणजे मध्यंतराआधी ज्या 'ई'वर थाप पडत होती, तोच आता षड्ज. ही जोडी ज्याने लावली त्याला मनापासून दाद!

दुसरा भाग मला घाईचा वाटला. हॉर्नच्या त्या पहिल्या ओळीला श्वास हवा होता, पाहुण्या कंडक्टरने तो दिला नाही. तिसऱ्यात ट्रँगल खणखणीत. पण आम्ही वाट पाहत होतो ती चौथ्याची. तोपर्यंत ट्रॉम्बोनवाले नुसते बसून होते. शेवटच्या भागाच्या पहिल्याच स्वराला ते आले आणि हॉलचा तळ बदलला. आठ बारांची (खंडांची) एक ओळ, बाखच्या एका कँटाटावरून, म्हणजे धार्मिक गायनरचनेवरून घेतलेली, आणि तिच्यावर तीस आवर्तनं. बाबांची बोटं मांडीवर. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला त्यांना सम सापडली: तीन-तीन मात्रांचे आठ खंड, चोवीस मात्रा. मग बासरी आली. तिथे प्रत्येक बार दुप्पट लांब होतो, मागे ऑर्केस्ट्रा जेमतेम हुंकार देतो. बाबांची बोटं क्षणभर थांबली आणि नव्या ठाय लयीत पुन्हा चालू लागली. बासरीवादकाने एकही स्वर ओढून सजवला नाही. अख्ख्या संध्याकाळीतली ती दोन मिनिटं मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

ट्राममध्ये बाबा बराच वेळ गप्प होते. उतरायच्या आधी म्हणाले, "ते पहिलं पुन्हा कधी आहे?"