शेतासाठी वीज, विजेसाठी शेत: खान्देशात दीपनगरची लाइन, पवनचक्की आणि सोलर

साक्री, शिंदखेडा, नंदुरबार या पट्ट्यात सध्या शेतकऱ्याच्या ओट्यावर दोन प्रकारची माणसं येऊन बसतात. एक म्हणतो, सोलर पंपाचा फॉर्म भरून टाका. दुसरा म्हणतो, बरड जमीन पडलीच आहे तर भाड्याने द्या, कंपनी प्रोजेक्ट टाकेल. दोन्ही गोष्टी विजेच्याच, त्यामुळे घरात चर्चा सुरू झाली की त्यांची सरमिसळ होते. आधी त्या वेगळ्या करा. पहिल्यात आपण गिऱ्हाईक असतो, दुसऱ्यात जमीनमालक. एका ठिकाणी बरोबर असलेलं उत्तर दुसऱ्या ठिकाणी पार चुकू शकतं.

महाराष्ट्रात कोळशाची वीज म्हटली की चंद्रपूर-कोराडी आठवतं, पाण्याची म्हटली की कोयना, अणुऊर्जा म्हटली की तारापूर. कोळसा, वारा आणि ऊन असे तिन्ही कारखाने दिवसभरात डोळ्यांनी बघून घेता येतील असा टापू म्हणजे खान्देश. तेव्हा निर्णय घेण्याआधी ते बघून या, हा माझा पहिला सल्ला.

दीपनगरची वीज

भुसावळहून वरणगावकडे निघालं की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 500 मेगावॉटचे दोन संच आणि जोडीला 660 मेगावॉटचा नवा संच. कोळसा विदर्भाकडून रेल्वेने येतो, पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून. या विजेची मोठी ताकद एकच: ती ऊन-वाऱ्यावर अवलंबून नाही. एक मेगावॉटचा संच सत्तर टक्के क्षमतेने वर्षभर चालला तर साधारण 61 लाख युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचा सोलर प्रकल्प आपल्याकडे 15 ते 17 लाखांवर थांबतो. कागदावर 'इतके मेगावॉट' वाचून दोन्ही सारखेच समजणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. किंमत कोण मोजतं, हे वेल्हाळ्याला केंद्राची राख सोडतात त्या तळ्याजवळ शेती असलेल्यांना विचारा. उन्हाळी वारा सुटला की पिकाच्या पानावर काय बसतं, ते तेच सांगतील.

पण शेतकऱ्याचं दुखणं चिमणीशी नाही, वेळापत्रकाशी आहे. बऱ्याच ठिकाणी पंपाची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन केळीत शिरायचं. यावल-रावेरच्या बाजूला बिबट्याची भीती, बाकी सगळीकडे सापाची. त्यात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर ती बदलून येईपर्यंत विहिरीत पाणी असून पीक वाळतं. 'पानी शे, पन लाइट नही' हे वाक्य अख्ख्या खान्देशात कुठेही ऐकायला मिळेल.

तरीही ज्यांच्याकडे जुनी जोडणी आहे, त्यांनी ती सोडायची घाई करू नये. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला मार्च 2029 पर्यंत बिल नाही. शिवाय लाइनचा दाब सकाळी सातला आणि दुपारी बाराला सारखाच मिळतो. केळीसारख्या पिकाला ही लहान गोष्ट नाही.

सोलर पंप

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यापुढे साडेसात. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी, विम्यासह. ज्याच्याकडे आजवर जोडणीच नाही, विहिरीला बरं पाणी आहे आणि पाच एकरांच्या आत कापूस, मका, हरभरा, भाजीपाला असं पीक आहे, त्याने विचार करत बसू नये, फॉर्म भरावा. रात्रीची जागरणं संपतात, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा.

आता अडचण नीट समजून घ्या. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा पंप चालू होतो, पण पाइपला जोर नसतो, नुसती करंगळीएवढी धार पडते. ठिबकच्या नळीच्या पहिल्या ड्रिपरमधून थेंब येतात, शेवटच्या टोकाचे कोरडेच. दहाच्या सुमारास दाब चढतो. मग ढगाचा एक तुकडा सूर्यावरून गेला की दाब बसतो, ढग सरकला की पुन्हा चढतो. त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या झाडांना पहिल्या ओळीपेक्षा कमी पाणी मिळत राहतं, आणि महिनाभराने पानांवर ते दिसतं. उपाय आहे: क्षेत्राचे लहान लहान भाग पाडून व्हॉल्व्ह बसवायचे आणि दाब असलेल्या वेळात एकेक भाग भिजवायचा. किंवा उंचावर टाकी बांधून दिवसभर ती भरायची. हा खर्च योजनेत नाही, खिशातून करावा लागतो. तो आधीच हिशेबात धरा.

दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. ऊन जास्त तितकी वीज जास्त, असा समज आहे. पण प्लेट तापली की तिचं उत्पादन घटतं: 25 अंशांच्या वर दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के. जळगाव-भुसावळला मे महिन्यात हवाच 44-45 अंशांवर जाते आणि उन्हातली प्लेट 65 च्या आसपास. म्हणजे बारा ते सोळा टक्क्यांची घट, तीही नेमकी केळी सर्वांत तहानलेली असताना, विहिरीची पातळी खोल गेलेली असताना. म्हणून रावेर-यावल पट्ट्यात, जिथे बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत आणि मृगबाग-कांदेबाग (केळीच्या दोन हंगामांतल्या बागा) दोन्ही उभ्या असतात, तिथे फक्त सोलर पंपावर बाग लावू नका. तिथे लाइनच खरी.

जमीन कुणाला द्यावी

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची राज्यातल्या मोठ्यांपैकी एक वसाहत आहे. पवनचक्कीचा फायदा असा की एका खांबाला जागा थोडी लागते, आजूबाजूला पेरणी चालू राहते. तोटा रस्त्याचा. पाती आणि क्रेन आणायला रुंद रस्ता लागतो, तो बांध फोडून जातो आणि पावसाचं पाणी नवा मार्ग धरतं. खांब एकाच्या शेतात, पैसा त्याला. चिखल आणि माती वाहून जाणं शेजाऱ्याच्या नशिबी. म्हणून खांब आपल्या शेतात नसला तरी रस्ता जाणार असेल तर त्याचा लेखी करार आणि पाणी जायला रस्त्याखालच्या मोरीची जागा आधी ठरवून घ्या. वाऱ्याची वीज जून ते सप्टेंबरमध्ये सर्वाधिक, म्हणजे पंप बंद असताना. राज्याच्या दृष्टीने ती उपयोगाची आहेच, पण आपल्या शिवाराच्या पाण्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

सोलरचं उलट. साक्रीतल्याच शिवाजीनगरला 2013 साली 125 मेगावॉटचा सरकारी प्रकल्प उभा राहिला. तो बघितला की जमिनीचा अंदाज येतो: मेगावॉटला चार-पाच एकर, आणि प्लेटखाली आपलं नेहमीचं पीक नाही. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये एक गोष्ट मला मनापासून पटते. गावाजवळच्या उपकेंद्राला जोडलेला लहान प्रकल्प, आणि त्याची वीज त्याच परिसरातल्या शेतीच्या फीडरला (पंपांना वीज नेणाऱ्या लाइनला), दिवसा. म्हणजे बरड जमीन एकाने दिली तर पंप शेकडोंचे दिवसा चालतात, आणि सकाळच्या दाबाची कटकटही नाही, कारण पंप लाइनवरच असतो.

भाडं हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख, म्हणजे एकरी साधारण 50 हजार, आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. ही वाढ सरळ की चक्रवाढ, हे करारात बोट ठेवून वाचा. सरळ असेल तर पंचविसाव्या वर्षी एकरी 86 हजार होतात, चक्रवाढ असेल तर लाखाच्या वर. कोरडवाहू मुरमाडावर कापूस एकरी चार-पाच क्विंटल आला आणि भाव सात हजार मिळाला तरी हातात 28 ते 35 हजार, त्यातून वेचणी, फवारणी, खत वजा. अशा जमिनीला भाडं सरळसरळ भारी पडतं. बागायत मात्र देऊ नका. पाणी असलेली काळी जमीन पंचवीस वर्षं प्लेटखाली झाकायची, हा हिशेब कुठल्याही भावाने मला जुळवता आलेला नाही.

विकणं आणि भाड्याने देणं यात मी भाड्याच्याच बाजूचा. सातबारा आपल्या नावावर राहतो. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील यांनी वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे घातले आणि जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं. उपचारादरम्यान ते गेले. त्यांच्यानंतर तरी आपण एवढं करावं: विहीर, पाइपलाइन, झाडं यांची नोंद सातबाऱ्यावर आजच चढवून घ्यावी, दर हंगामात ई-पीक पाहणी करावी. मोबदल्याच्या टेबलावर नोंदच बोलते. आणि धडगाव-अक्कलकुव्याची माणसं तर याहून जुनी साक्ष देतील. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के, त्यासाठी नर्मदाकाठची 33 आदिवासी गावं बाधित झाली.

आदिवासी खातेदारांसाठी वेगळी सूचना. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सक्षम परवानगीशिवाय देता येत नाही, भाड्यानेसुद्धा नाही. 'नंतर करून घेऊ' म्हणणाऱ्या दलालाला ओट्यावरूनच परत पाठवा. वनहक्काचा दावा प्रलंबित असेल तर तो निकाली निघेपर्यंत कुठल्याही कागदावर अंगठा नको.

घरच्या छताचं काम सोपं आहे. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या सोलरला 78 हजारांचं अनुदान मिळतं, धाब्याचं जुनं घर असेल तर आधी भार पेलेल का ते बघा. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि केळीच्या खांबांपासून वीज करायची चर्चा खूप होते, एकट्या शेतकऱ्याच्या निर्णयात ती आज येत नाही.

गायरान देण्याचा विषय ग्रामसभेत आला तर वाहिनी योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाखांप्रमाणे तीन वर्षं अनुदान मिळतं. ठराव घेण्याआधी मेंढपाळांना आणि ज्यांच्याकडे जमीन नाही पण चार शेळ्या आहेत त्यांना सभेला बोलवा, चराईसाठी किती गट राखून ठेवायचे ते त्यांच्यासमोर ठरवा आणि ते गट नंबर ठरावातच लिहा.