दत्तक मांजरीची नसबंदी झाली आहे का? एएमएच रक्तचाचणीचं परीक्षण

रस्त्यावरची मोठी मांजर घरात येते तेव्हा तिच्यासोबत कुठलेच कागद येत नाहीत. लस दिली होती की नाही हे कळलं नाही तर ती पुन्हा देता येते, जंताचं औषधही पुन्हा पाजता येतं. नसबंदीचं तसं नाही. झालेली असताना पोट पुन्हा उघडलं तर त्या जिवाला विनाकारण भूल आणि विनाकारण टाके. झालेली नसताना ‘झाली असेल’ म्हणून सोडून दिलं तर पिल्लं होतात. पिल्लं टाळली तरी पुढे गर्भाशयात पू होण्याचा आणि सडांच्या गाठींचा धोका राहतोच, आणि मांजरींमध्ये सडांच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात.

हे कोडं सोडवायला दवाखान्यात जेवढी साधनं आहेत त्यांत एएमएच म्हणजे अँटी-म्युलेरियन हॉर्मोनची रक्तचाचणी सगळ्यात भरवशाची, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ती पहिली पायरी नाही. ज्या मांजरीचं उत्तर कानावर किंवा पोटावर लिहिलेलं आहे तिचं रक्त काढायची गरजच नसते.

चाचणीचं बळ एका साध्या गोष्टीत आहे. अंडाशयात वाढणाऱ्या बीजकोशांभोवती ग्रॅन्युलोसा पेशी असतात आणि मादीच्या शरीरात एएमएच बनतं ते तिथेच. अंडाशय काढून टाकले की त्याचा झराच आटतो. म्हणून रक्तात एएमएच सापडलं तर अंडाशय किंवा त्याचा तुकडा पोटात आहे, आणि मोठ्या मांजरीत ते अजिबात सापडलं नाही तर अंडाशय गेलेले आहेत. मांजर माजावर आहे की नाही, ऋतू कोणता, याची वाट पाहावी लागत नाही. बाकीच्या बहुतेक तपासण्या ‘आहे’ एवढंच ठामपणे सांगू शकतात आणि ‘नाही’ म्हणताना अडखळतात. ही चाचणी दोन्ही बाजूंनी बोलते, म्हणून तिला आम्ही वरचा क्रमांक देतो.

रक्त लागतं थोडंसंच. मानेच्या किंवा मागच्या पायाच्या शिरेतून एक-दोन मि.ली. घेतलं की पुरतं. त्यातून सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) काढून थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. दवाखान्यात बसल्या बसल्या निकाल मिळत नाही, थांबावं लागतं. नमुना पाठवण्याआधी व्हेटना दोन गोष्टी जरूर विचारा: ही प्रयोगशाळा मांजरींसाठी पडताळलेली पद्धत वापरते का, आणि नसबंदी झालेल्या व न झालेल्या मांजरींच्या मर्यादा अहवालात वेगवेगळ्या छापते का? नुसता आकडा हातात पडला आणि मर्यादा माणसांच्या असल्या, तर त्या कागदाचा काही उपयोग नाही. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या मर्यादेशी ताडून पाहणं हीसुद्धा तशीच चूक.

ही चाचणी चुकते तेव्हा त्याला बहुधा ठरावीक कारणं असतात. पहिलं वय. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात अंडाशय जागेवर असूनही पातळी इतकी कमी येऊ शकते की निकाल ‘नाही’ असा लागतो. त्या वयात या चाचणीवर भिस्त ठेवू नका. दुसरं वेळ. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर आधीचं हॉर्मोन रक्तात थोडे दिवस रेंगाळतं, म्हणून निदान महिनाभर जाऊ द्यावा. तिसरं कारण क्वचित भेटतं, पण माहीत असलेलं बरं: काही वेळा फक्त गर्भाशय काढतात आणि अंडाशय ठेवतात. अशा मांजरीला पिल्लं होणार नाहीत, पण ती माजावर येत राहील आणि एएमएचही सापडेल. उलट, फक्त अंडाशय काढून गर्भाशय ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. तिथे एएमएच सापडणार नाही आणि तेच खरं उत्तर आहे, कारण अंडाशयाशिवाय गर्भाशय निपचित पडून राहतं. आकडा अगदी सीमेवर आला तर काही आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा नमुना द्यावा.

आता रक्ताआधीच्या गोष्टी. सगळ्यात आधी ती मांजर मादीच आहे ना, हे पाहून घ्या. शेपटी वर उचलली की मादीत गुदद्वार आणि खालची उभी फट अगदी जवळ दिसतात. नरात अंतर जास्त आणि खालचं छिद्र गोल असतं. खच्ची केलेल्या बोक्याला मादी समजून पोटावर व्रण शोधत बसणं हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं, कारण वृषण काढल्यावर राहिलेली पिशवी आकसून केसांत दिसेनाशी होते. तीन रंगांची मांजर असेल तर ती जवळजवळ नेहमीच मादी असते.

मग कान. रस्त्यावरच्या मांजरींना पकडून, नसबंदी करून परत सोडणाऱ्या मोहिमांत भूल असतानाच एका कानाचं टोक कापतात. मोठ्या मांजरीत साधारण एक सेंटिमीटर, तेही सरळ रेषेत. डावा की उजवा हे जागेप्रमाणे बदलतं, त्यामुळे बाजूवरून काही ठरवू नका. कड नीट न्याहाळा. मोहिमेतला काप पट्टीने आखल्यासारखा असतो, कडेची जाडी सगळीकडे सारखी आणि केस काठापर्यंत आलेले. भांडणात फाटलेला कान दातेरी असतो, मध्येच खाच, मध्येच गाठाळ जाडी. थंडीने झडलेले कान बहुतेक दोन्ही बाजूंनी गोलसर होतात. पांढऱ्या मांजरींत उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगासाठीही कानाचं टोक काढलेलं असू शकतं. स्वच्छ सरळ काप हा फार मजबूत पुरावा आहे. काप नसणं हा मात्र कसलाच पुरावा नाही, कारण घरात पाळलेल्या आणि नंतर सोडून दिलेल्या मांजरीचे कान कोणी कापत नाही.

मायक्रोचिप तपासायला दोन मिनिटं लागतात. चिप खांद्यांच्या मधोमध टोचतात, पण ती सरकून खांद्यावर, छातीच्या बाजूला किंवा पुढच्या पायाकडे गेलेली असू शकते. म्हणून स्कॅनर अंगाला लावून सावकाश, नागमोडी फिरवायला सांगा. नव्या चिपचा क्रमांक १५ अंकी असतो आणि ती १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाते. जुन्या चिप १२५ किंवा १२८ किलोहर्ट्झच्या असतात आणि प्रत्येक स्कॅनर त्या वाचतोच असं नाही. चिपमध्ये क्रमांकाशिवाय काही नसतं. नसबंदीची नोंद असलीच तर ती नोंदणीच्या यादीत, आणि तीही कोणी भरली असेल तर.

यानंतरची पायरी म्हणजे पोटावरचे केस भादरून पाहणं. आमच्या मते तिला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा क्वचितच दिला जातो. केस बाजूला सारून वरवर डोकावणं म्हणजे तपासणी नव्हे. बेंबीच्या जरा खालून ओटीपोटापर्यंत मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक पात्याने केस काढायचे, स्पिरिटने त्वचा ओली करायची, दोन बोटांनी ताणायची आणि उजेड तिरका पाडायचा. जुना व्रण एक ते तीन सेंटिमीटरची, आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित फिकट आणि चकचकीत, बिनकेसांची रेघ म्हणून दिसतो. कधी डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाखाली बारीक दोरा किंवा कण लागतो. जवळच हिरवी किंवा निळसर गोंदलेली रेघ असेल तर शोध तिथेच संपवायला हरकत नाही, कारण नसबंदीच्या वेळी अशी रेघ गोंदण्याची पद्धत नेमकी याचसाठी आहे. ती स्पिरिटने पुसली जात नाही.

मधल्या रेघेवर काही दिसलं नाही तर डावी कूस पाहा, म्हणजे शेवटच्या बरगडीच्या आणि मांडीच्या मधला भाग. काही ठिकाणी शस्त्रक्रिया तिथूनच करतात. सयामी वळणाच्या, टोकांना गडद रंग असलेल्या मांजरींत कुशीवर एखादा गडद चौकोन दिसला तर लक्ष द्या: भादरलेल्या जागी त्वचा थंड राहिली की तिथे नवे केस गडद उगवतात. तो डाग पुढच्या केसगळतीत जातो, त्यामुळे दिसला तर शस्त्रक्रिया अलीकडची असण्याची शक्यता आहे. केस भादरण्यामागे निराळंही काही कारण असू शकतं, म्हणून त्या डागाखाली व्रण शोधाच.

या तपासणीची मर्यादा स्पष्ट आहे. लहानपणी केलेल्या नसबंदीचा छोटासा काप, आतल्या टाक्यांनी शिवलेला, मोठेपणी कुठे होता तेही कळत नाही. आणि व्रण दिसला म्हणजे तो नसबंदीचाच असेल असंही नाही. बेंबीवरचा व्रण हर्नियाचा असू शकतो. मधल्या रेघेवरचा लांब व्रण पिल्लं काढण्यासाठी पोट उघडल्याचा किंवा आतड्यात अडकलेली वस्तू काढल्याचा असू शकतो. म्हणून गोंदण नसलेला संशयास्पद व्रण, किंवा व्रणच न सापडलेली मोठी मांजर, यांच्यासाठी एएमएच.

‘माजावर येते का ते पाहू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो फुकट आहे, पण त्यात सापळे आहेत. मांजरी दिवस मोठे असताना माजावर येतात. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत हिवाळ्यात कित्येक आठवडे शांतता असू शकते, आणि घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर हे वेळापत्रकही कोलमडतं. हंगामात माज साधारण आठवडाभर टिकतो आणि समागम झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परततो. पिल्लांना पाजणारी, गाभण असलेली किंवा माज थांबवण्याचं हॉर्मोन दिलेली मांजरही शांतच असते. खरा माज ओळखावा तो असा: आर्त आरोळ्या, जमिनीवर लोळणं, पुढचा भाग जमिनीला टेकवून मागचा वर उचलणं, शेपूट एका बाजूला वळवणं आणि मागचे पाय जागच्या जागी हलवणं, हे सगळं एकत्र आणि काही दिवस सलग. शेपटीच्या बुडाशी कुरवाळल्यावर ढुंगण वर करणं एवढ्यावरून काहीच ठरत नाही, नसबंदी झालेल्या मांजरीही तसं करतात. मांजरीला माजात रक्त जात नाही. रक्त किंवा घाण वास असलेला स्राव दिसला तर तो आजार समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सडांवरून अंदाज बांधू नये. मोठे सड एवढंच सांगतात की कधीतरी ती व्यायली होती. नसबंदी त्यानंतर झाली असू शकते.

दवाखान्यातल्या बाकीच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. एलएच म्हणजे ल्युटिनायझिंग हॉर्मोन, अंडाशयाला चालना देणारं. त्याची चाचणी चांगली आहे: अंडाशय नसले की एलएच सतत चढलेलं राहतं, त्यामुळे कमी निघालं तर अंडाशय आहेत. जास्त निघालं तर मात्र ती तात्पुरती उसळी असू शकते, म्हणून दुसरा नमुना लागतो. प्रोजेस्टेरॉन हे बीज सुटल्यावर अंडाशयातून येणारं हॉर्मोन. ते वाढलेलं असेल तर अंडाशय आहेत, पण कमी असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण मांजरीत बीज सुटतं ते बहुधा समागमानंतरच. योनीतल्या पेशींची तपासणी माजाच्या दिवसांतच कामाची, आणि बोळा फिरवल्यानेच बीज सुटू शकतं हेही व्हेटनी लक्षात ठेवायला हवं. सोनोग्राफी या प्रश्नासाठी कमजोर आहे. शांत अवस्थेतलं गर्भाशय काही मिलिमीटर जाडीचं असतं आणि अंडाशय मूत्रपिंडाच्या मागे, जेमतेम एक सेंटिमीटरचे. ‘दिसले नाहीत’ म्हणजे ‘नाहीत’ असं अनुभवी सोनोग्राफरही लिहून देत नाही. पोट उघडून पाहणं हा उपाय शेवटचाच. एएमएच उपलब्ध असताना थेट टेबलावर घेण्याचा आग्रह कोणी धरला तर आधी रक्त तपासायला सांगा.

सोनोग्राफीचा खरा उपयोग पुढे आहे. एएमएच सापडलं आणि मांजर नुकतीच रस्त्यावरून आलेली असेल तर ती गाभण आहे का हे पाहायला हवं. गर्भ साधारण तीन आठवड्यांपासून सोनोग्राफीत ओळखता येतो. पूर्ण काळ ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणून आज काही दिसलं नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावं. तोवर ती घराबाहेर जाणार नाही, बोक्याजवळ जाणार नाही. घरातला बोका नुकताच खच्ची केलेला असेल तरी त्याला वेगळं ठेवा, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात.

कानाला काप किंवा पोटावर व्रण आहे आणि तरी एएमएच सापडतं, मांजर माजाचीही लक्षणं दाखवते, अशा वेळी अंडाशयाचा तुकडा राहून गेला असावा. हे काम घाईने उरकू नका. ती माजावर असताना किंवा प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असताना शस्त्रक्रिया केली तर तुकडा फुगलेला असतो आणि सापडतो. एरवी तो चरबीत लपून राहतो. दोन्ही बाजूंच्या जागा तपासायला सांगा, काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवा आणि महिन्यानंतर एएमएच पुन्हा करून घ्या.

सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, डोळ्यांदेखत माजावर आलेली किंवा पोटुशी मांजर, सरळ कापलेल्या कानाची किंवा गोंदलेली मांजर, यांच्यासाठी ही चाचणी करू नका. पिल्लाचं पोट भादरून पाहा आणि काही सापडलं नाही तर नसबंदीची तारीख ठरवा. ज्या मोठ्या मादीच्या अंगावर काहीच स्पष्ट लिहिलेलं नाही, तिच्यासाठी मात्र बिनधास्त करा. निकाल ‘नाही’ आला तर तो अहवाल तिच्या फाइलमध्ये लावा आणि चिप बसवून नोंदणीत नसबंदीचा रकाना भरून घ्या. निकाल ‘आहे’ आला आणि शस्त्रक्रिया ठरली, तर टाके घालताना काप असलेल्या जागी हिरवी रेघ गोंदायला व्हेटना आधीच सांगून ठेवा.