मशीन झकास, दुकान नको
अमेरिका-जपानात १२ नोव्हेंबर २०२०ला आलेला प्लेस्टेशन ५ (टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं मशीन) भारतात उतरला २ फेब्रुवारी २०२१ला. १२ जानेवारीला बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत ‘आउट ऑफ स्टॉक’. चिपचा तुटवडा जगभर होता, मान्य. पण आमच्या इथला दुकानदार तेव्हा ४९,९९० रुपयांचं मशीन नुसतं द्यायलाच तयार नाही. सोबत दोन गेम आणि हातात धरून खेळायचा एक जादा कंट्रोलर घ्याच म्हणे. घेतलं मुकाट्याने, करता काय! मशीन झकासच: लोडिंग चुटकीसरशी, पंख्याचा आवाज जवळजवळ नाहीच, आणि कंट्रोलरचा ट्रिगर (तर्जनीने दाबायचं बटण) बोटाला असा अडतो की खरंच धनुष्य ताणतोय असं वाटतं. अंगाने मात्र अवाढव्य, टीव्हीच्या कपाटात मावेना. दुकानाला एकच स्टार, तोही पक्कं बिल दिलं म्हणून.