जन्मजात वाकडे पाऊल : प्लॅस्टर आणि ब्रेस, की मोठी शस्त्रक्रिया?

जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेले असणे, म्हणजेच क्लबफूट, साधारणपणे हजारात एखाद्या बाळामध्ये आढळते. आईवडिलांपुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात : पॉन्सेटी पद्धतीने प्लॅस्टर करून नंतर ब्रेस, म्हणजे दांडीने जोडलेले दोन बूट, घालणे, किंवा पावलाचे सांधे मोकळे करणारी मोठी शस्त्रक्रिया करणे.

डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठात पहिली पद्धत विकसित केली आणि आज ती जगभर पहिल्या पसंतीचा उपचार मानली जाते. यात डॉक्टर दर आठवड्याला पाऊल हाताने हलकेच थोडे अधिक बाहेर वळवतात आणि त्या स्थितीत बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालतात. बहुधा पाच ते सात प्लॅस्टरमध्ये पाऊल सरळ होते, मात्र टाच पुरेशी खाली येत नसल्याने बहुसंख्य बाळांमध्ये टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बारीक छेद घेऊन कापावी लागते. ऐकायला हे भयंकर वाटते, पण शेवटच्या तीन आठवड्यांच्या प्लॅस्टरमध्येच ती कंडरा वाढीव लांबीसह पुन्हा जुळून येते.

मोठी शस्त्रक्रिया सहसा वयाच्या सहा ते बारा महिन्यांदरम्यान, पूर्ण भूल देऊन केली जाते. आतल्या आणि मागच्या बाजूचे ताठर अस्थिबंध आणि सांध्यांची आवरणे सोडवल्यामुळे पाऊल एकाच वेळी सरळ दिसू लागते, आणि थकलेल्या आईवडिलांना हेच आकर्षक वाटते. परंतु या शस्त्रक्रियेतून आत व्रणऊती, म्हणजे जखम भरताना होणारी ताठर ऊती, तयार होते. मोठेपणी पाऊल ताठरणे, दुखणे आणि सांधे झिजणे या तक्रारी अशा पावलांत अधिक आढळतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे प्लॅस्टर असतेच आणि पाऊल पुन्हा वळण्याची शक्यताही संपत नाही. फिजिओथेरपिस्टने रोज पाऊल हाताळून पट्ट्या बांधण्याची फ्रेंच पद्धतही आहे. तिचे परिणाम चांगले असले, तरी रोज प्रशिक्षित हात मिळणे प्रत्येकाला शक्य नसते.

माझ्या मते प्लॅस्टरला अग्रक्रम देण्याबाबत फारसा वाद उरलेला नाही. खरा विचार ब्रेसचा करावा, कारण पॉन्सेटी पद्धतीत पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण ब्रेस वेळेआधी सोडणे हेच असते. दोन बूट जोडणारी ही दांडी पहिले तीन महिने दिवसातले २३ तास, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत वापरावी लागते. एकच पाय वाकडा असेल, तर त्या बाजूचा बूट ६० ते ७० अंश आणि निरोगी बाजूचा ३० ते ४० अंश बाहेर वळवून बसवतात. ‘बिघडलेल्या पायालाच ब्रेस घातला तर चालेल का?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र दांडीविना पाऊल बाहेरच्या दिशेने धरून ठेवता येत नाही, म्हणून एकपायी ब्रेसमध्ये पाऊल परत वळण्याचे प्रमाण अधिक असते.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस बाळ रडते, कारण त्याला पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत. दोन्ही पाय एकत्र झाडायची युक्ती सापडली की ते शांत होते. पायमोज्याला सुरकुती राहू देऊ नये, मधला पट्टा आधी आवळावा आणि टाच बुटात तळाशी टेकली आहे की नाही हे बुटाच्या मागच्या खिडकीतून पाहावे. थोडी लाली चालते, पण टाचेवर फोड आला तर पाऊल बुटात सरकत आहे असे समजावे, आणि ब्रेस काढून ठेवण्याऐवजी तो नीट बसवून घेण्यासाठी डॉक्टरांकडे जावे.

पाऊल परत वळले, तरी पहिला उपाय पुन्हा प्लॅस्टर हाच असतो. अडीच-तीन वर्षांनंतरही ते चालताना आत वळत असेल, तर घोट्यापुढच्या स्नायूची कंडरा बाहेरच्या बाजूला नेऊन बसवण्याची मर्यादित शस्त्रक्रिया केली जाते, जिच्यात सांधे उघडावे लागत नाहीत. सांधे मोकळे करणारी मोठी शस्त्रक्रिया आता मुख्यतः अशा पावलांसाठी राखून ठेवली जाते, जी नीट केलेल्या प्लॅस्टरलाही दाद देत नाहीत. पाठीच्या कण्याच्या किंवा अनेक सांध्यांच्या जन्मजात विकारांसोबत आलेली पावले त्यांत अधिक असतात, आणि अशा बाळांच्या पालकांनी मोठ्या शस्त्रक्रियेची शक्यता किती, हे आधीच विचारून घ्यावे.