वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची आहारसल्ला सेवा : सहा महिन्यांचा अनुभव

जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर मी सहा महिने एका आहारतज्ज्ञांची जेवणाचे नियोजन करून देणारी सेवा घेतली. आधी द्रव, मग वाटून पातळ केलेले, नंतर मऊ आणि शेवटी घन अन्न, हा क्रम सगळीकडेच सांगितला जातो. येथे मात्र प्रत्येक टप्प्यात पहिला घास प्रथिनांचाच का असावा, हे कारणासह समजावले गेले. पोटात जेमतेम काही घास मावत असताना दिवसाची ६० ते ८० ग्रॅम प्रथिने गाठायची, तर अंडे, मासे, दही किंवा कडधान्ये आधी आणि पिष्टमय पदार्थ उरलेल्या जागेत, हे गणित अटळ ठरते. जेवणानंतर अर्धा तास पाणी न पिण्याचा नियम मला सर्वांत जड गेला (तहान वेळापत्रक पाळत नाही), पण एरवी घोट घोट पाणी पिण्याच्या वेळा तक्त्यात दिल्या होत्या, त्यांचा उपयोग झाला.

पूरक गोळ्यांच्या बाबतीत ही सेवा तोकडी पडली. बी१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम यांची यादी होती, परंतु लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान २ तासांचे अंतर हवे, हे मला पुढच्या तपासणीत शल्यचिकित्सकांकडून कळले. शिवाय स्लीव्ह आणि बायपास (हृदयाची नव्हे, तर जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणारी शस्त्रक्रिया), दोन्हींसाठी तक्ता एकच होता. गोड खाल्ल्यावर धडधड, घाम आणि जुलाब होण्याचा त्रास बायपासनंतर अधिक संभवतो, म्हणून त्या रुग्णांनी साखरेविषयी स्वतंत्रपणे विचारून घ्यावे. पहिल्या तीन महिन्यांसाठी ही सेवा जरूर घ्यावी. पुढचे तीन महिने मी जुनेच तक्ते नव्या तारखांनिशी वाचत होते.