कुर्क्युमिन–सायक्लोडेक्स्ट्रिन संकुल: मास स्पेक्ट्रोमेट्री की एनएमआर?

सांगलीच्या हळदीतील कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या, म्हणजे सात ग्लुकोज एककांच्या कड्याच्या, पोकळीत बसवून दोघांचे संकुल (एकत्र बांधलेली जोडी) करण्याचा प्रकल्प एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने घेतला, की यजमान रेणूने अतिथी रेणूला खरोखर सामावून घेतले हे कशाने दाखवायचे, असा प्रश्न उभा राहतो: मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे वस्तुमान मोजून) की एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे, म्हणजे प्रोटॉनांचे, संकेत पाहून)? नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल आणि एकाच तपासणीचा खर्च झेपणार असेल, तर निवड विचारपूर्वक करावी लागते.

शुद्ध कुर्क्युमिनऐवजी हळदीचा अर्कच वापरणार असाल, तर मी निःसंशय मास स्पेक्ट्रोमेट्री सुचवेन. अर्कात कुर्क्युमिनसोबत त्याची दोन भावंडे (रचनेने जवळची संयुगे) असतात आणि एनएमआरमध्ये तिघांचे संकेत एकमेकांवर चढतात. इलेक्ट्रोस्प्रेच्या, म्हणजे द्रावणाचा विद्युतभारित फवारा करून घेतलेल्या, ऋण आयन वर्णपटात मात्र तिन्ही संकुले १५०१.५, १४७१.५ आणि १४४१.५ या वस्तुमान-विद्युतभार गुणोत्तरांवर, तीस-तीसच्या अंतराने सुटी दिसतात. नमुनाही मायक्रोमोलर प्रमाणात पुरतो. दोन कडी आणि एक कुर्क्युमिन असे द्विभारित (दोन ऋण विद्युतभार असलेले) संकुल १३१७.४ वर शोधावे. १५०१.५ वरील शिखर मात्र नीट पाहावे, कारण दोनास दोन (दोन कडी, दोन कुर्क्युमिन) संकुलाचा द्विभारित आयनही तेथेच येतो. समस्थानिक शिखरांतील (जड समस्थानिकांमुळे शेजारी-शेजारी दिसणाऱ्या शिखरांतील) अंतर एकऐवजी अर्धे असेल, तर ते एकास एक संकुल नव्हे.

तथापि वायुरूपात पाण्याचा जलविरोधी परिणाम (पाण्यात न मिसळणाऱ्या रेणूला पोकळीत ढकलणारा) उरत नाही, आणि फवाऱ्याचा थेंब आटताना रेणू नुसते बाहेरून चिकटूनही येतात. यासाठी माल्टोहेप्टोज ही सात ग्लुकोजची सरळ, पोकळी नसलेली साखळी त्याच परिस्थितीत तपासावी. तीही तितकेच ठळक संकुल दाखवत असेल, तर पोकळीत प्रवेश झाल्याचा दावा टिकत नाही.

हा दावा एनएमआर अधिक भक्कमपणे करते, कारण पोकळीच्या आतील एच-३ व एच-५ प्रोटॉनांचे संकेत सरकतात. अडचण कुर्क्युमिनच्या अल्प विद्राव्यतेची आहे: मिलिमोलर द्रावणासाठी सहविद्रावक (पाण्यासोबत दुसरा द्रावक) घालावा, तर बंधनच दुबळे होते. बंधनस्थिरांक (बंधन किती घट्ट आहे हे सांगणारा आकडा) मास वर्णपटातील शिखरांच्या उंचीवरून काढू नये. त्यासाठी महाविद्यालयातील यूव्ही उपकरणावर विद्राव्यता-आलेख (सायक्लोडेक्स्ट्रिन वाढवत नेल्यावर किती कुर्क्युमिन विरघळते, त्याचा) काढणे अधिक विश्वासार्ह आहे.

मास स्पेक्ट्रोमेट्री ठरली, तर नमुन्यात फॉस्फेट बफर ठेवू नये, अमोनियम ॲसिटेट वापरावे आणि कोन व्होल्टेज (आयनांना उपकरणात ओढणारा विद्युतदाब, जो जास्त झाल्यास संकुल तुटते) कमी ठेवण्याची सूचना अर्जातच लिहून द्यावी.