दैवी दयेची तसबीर, माळ आणि पुस्तिका : वसईत घेतलेल्या एका संचाचे परीक्षण

गेल्या उपवासकाळाच्या अखेरच्या आठवड्यात मी वसईतील एका चर्चबाहेरच्या दुकानातून 'दैवी दयेचा संच' विकत घेतला. दैवी दया ही येशूच्या दयेवर भरवसा ठेवण्याची कॅथोलिक भक्ती आहे. काचेच्या चौकटीत बसवलेली 12 बाय 18 इंचांची तसबीर, काचमण्यांची माळ आणि 32 पानांची मराठी पुस्तिका अशा तीन वस्तू एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतात आणि तिन्हींची मिळून किंमत 850 रुपये आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असे संच आता थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी मिळतात आणि त्यांतील उणिवा एकट्या दुकानदाराच्या माथी मारणे योग्य नाही. गुड फ्रायडेपासून दैवी दयेच्या रविवारच्या (ईस्टरनंतरच्या रविवारच्या) आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे नोव्हेना या सलग नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे पूर्ण दिवस, आम्ही घरी हा संच वापरला. पुढचा अभिप्राय त्या वापरातून आलेला आहे.

प्रथम तसबिरीविषयी, कारण बहुतेक गिऱ्हाईक तिच्याकडे पाहूनच खोका उचलते. या चित्राचा उगम पोलंडमधील आहे. 22 फेब्रुवारी 1931 रोजी प्वोत्स्क येथील मठात धर्मभगिनी संत फौस्टिना कोवाल्स्का यांना येशूचे दर्शन झाले आणि दिसले तसे चित्र काढून घेण्याची आज्ञा मिळाली. एक हात आशीर्वादासाठी उचललेला, दुसरा छातीवरील वस्त्राला स्पर्श करणारा आणि तेथून निघणारे दोन किरण, एक लाल व एक फिकट, असे ते रूप होते. फौस्टिना यांना चित्रकला येत नव्हती. अखेर 1934 साली विल्नियसमध्ये त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर मिखाउ सोपोच्को यांच्या पुढाकाराने एउगेनिउश काझिमिरोव्स्की या चित्रकाराने पहिले चित्र पूर्ण केले. ते पाहून फौस्टिना रडल्या, कारण पाहिलेले सौंदर्य त्यात उतरले नव्हते. चित्राचे मोठेपण रंगात किंवा कुंचल्यात नसून कृपेत आहे, असे उत्तर त्यांना मिळाल्याचे त्यांनी आपल्या दैनंदिनीत नोंदवले आहे. आपल्याकडे घरोघरी दिसणारे चित्र मात्र बहुधा हे नसते. ते आडोल्फ हिवा यांनी 1944 साली काढलेल्या आणि क्राकूवमधील वागिएव्हनिकीच्या मठात असलेल्या चित्राची प्रत असते. माझ्या संचातील तसबीरही त्याच चित्राची आहे. खोक्यावर मात्र 'मूळ चित्र' असे छापले आहे, ते चुकीचे आहे.

छपाई डोळ्यांना सुखावणारी असली तरी तिच्यात दोन दोष आहेत आणि त्यांतला एक मला गंभीर वाटतो. किरणांच्या रंगांत फरक उरलेला नाही. फिकट किरणही गुलाबीकडे झुकला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (19:34) भाला खुपसल्यावर येशूच्या कुशीतून जे रक्त आणि पाणी वाहिले, त्यांचे हे दोन किरण प्रतीक आहेत, तेव्हा पाणी रक्तासारखे दिसले की चित्राचा अर्धा अर्थ गेला. तरीही हा दोष मी सहन केला असता. दुसरा दोष असा की चौकटीच्या आतील सोनेरी पट्टीने चित्राखालची ओळ पूर्ण झाकली आहे. ही ओळ म्हणजे सजावट नव्हे. ती चित्राबरोबरच सांगितली गेली होती आणि तिच्याशिवाय हे चित्र अपुरे आहे. पट्टी काढून पाहिली तेव्हा आत 'येशू, माझी तुझ्यावर श्रद्धा आहे' असे छापलेले सापडले. मूळ पोलिश शब्दांत भरवशाचा भाव आहे. आमच्या वाडीत पावसाचा भरवसा नसतो, मजुराचा भरवसा नसतो, पण त्यांच्यावाचून लावणी होत नाही. असा शब्द हाताशी असताना श्रद्धा हा जरा लांबचा शब्द कशासाठी निवडला, हे मला उमगले नाही. दुकानदाराने तक्रार ऐकून दोन दिवसांत पट्टी अरुंद करून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे.

माळेविषयी थोडक्यात सांगायचे तर ती घेण्याची गरज नाही. दैवी दयेच्या प्रार्थनेसाठी वेगळी माळ लागत नाही. नेहमीची पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची) जपमाळ पुरते. सुरुवातीला 'हे आमच्या बापा', 'नमो मरिया' आणि विश्वासांगिकार म्हणायचा, मोठ्या मण्यांवर अर्पणाची प्रार्थना आणि लहान मण्यांवर दयेची याचना करायची, एवढीच रीत आहे. आजीच्या काळापासूनची लाकडी माळ ज्यांच्या घरात आहे, त्यांनी काचमण्यांसाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

आता पुस्तिकेकडे वळतो, कारण संचाची खरी किंमत तिच्यात आहे आणि माझी खरी तक्रारही तिच्याविषयीच आहे. प्रार्थनांचे मराठी स्वच्छ आहे आणि मोठ्याने म्हणताना कुठेही अडखळायला होत नाही. इतिहासाची चार पानेही नेटकी आहेत, मात्र त्यांत एक गाळलेली जागा खटकते. 1959 साली रोमने या भक्तीच्या चित्रांच्या व लेखनाच्या प्रसारावर बंदी घातली होती आणि ती 15 एप्रिल 1978 रोजी उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्राकूवचे आर्चबिशप पोप जॉन पॉल दुसरे झाले, आणि त्यांनीच 30 एप्रिल 2000 रोजी फौस्टिना यांना संतपद देऊन ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून संपूर्ण ख्रिस्तसभेला दिला. पुस्तिकेत संतपद आहे, रविवार आहे, बंदी मात्र नाही. दयेचा संदेशच जवळजवळ 19 वर्षे दाराबाहेर ताटकळत राहिला, ही गोष्ट भाविकांपासून लपवण्यासारखी नाही, उलट सांगण्यासारखी आहे.

याहून मोठी उणीव दुसऱ्यांना क्षमा करण्याविषयीच्या मजकुरात आहे. 32 पानांपैकी या विषयाला अवघे अर्धे पान मिळाले आहे, आणि तेही 'झाले गेले विसरून जा, सर्वांना माफ करा आणि मन हलके करा' अशा धर्तीचे. दया मिळवण्यासाठी 31 पाने आणि दया देण्यासाठी अर्धे, हे प्रमाण मत्तयच्या 18व्या अध्यायातील निर्दय चाकराची आठवण करून देते. त्याला राजाने 10,000 तालांतांचे कर्ज सोडले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार धरले, तर हे 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतके ऋण झाले. तेवढे सोडवून घेऊन बाहेर पडताच त्याने 100 दिनारांसाठी सोबतीचा गळा धरला. फौस्टिना यांच्या दैनंदिनीतही दयेच्या भक्तीबरोबर कृतीची स्पष्ट मागणी आहे: शेजाऱ्यावर कृतीने, शब्दाने आणि प्रार्थनेने, या तीन मार्गांनी दया करावी. हा उतारा पुस्तिकेत नाही.

विसरण्याचा सल्ला तर ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळतही नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील 2843 वा परिच्छेद उघडच म्हणतो की दुखावले न जाणे किंवा दुखणे विसरणे आपल्या हाती नसते. पण जे अंतःकरण पवित्र आत्म्याच्या स्वाधीन होते, त्याच्यात दुखापतीचे रूपांतर करुणेत होते आणि स्मृती शुद्ध होते. येथे मराठीत एक सुंदर शब्दप्रयोग तयार आहे आणि पुस्तिकेने तो वापरला नाही: अपराध पोटात घालणे. बायबलमध्ये दयेसाठी जे हिब्रू शब्द येतात, त्यांपैकी 'रहामीम' हा गर्भाशयाच्या शब्दावरून आलेला आहे. आईला पोटच्या पोराविषयी वाटते तशी ती दया. आपली भाषा नेमकी त्याच जागी बोट ठेवते. मात्र पोटात घालणे वेगळे आणि पोटात ठेवणे वेगळे, आणि भाऊबंदकी मुरलेल्या आमच्या गावांत दुसऱ्याचाच सराव अधिक आहे.

क्षमा केली म्हणजे न्यायाची मागणी सोडली, असाही समज या अर्ध्या पानातून होऊ शकतो. जॉन पॉल दुसरे यांनी 1980 सालच्या दयेवरील आपल्या परिपत्रकात तो स्पष्टपणे खोडून काढला आहे: क्षमेमुळे न्यायाच्या अटी रद्द होत नाहीत आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही टळत नाही. यासाठी पोलंडपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नव्हती. मध्य प्रदेशात शेतमजुरांना सावकारीच्या विळख्यातून सोडवण्यासाठी काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये सुऱ्याने भोसकून हत्या झाली. मारेकरी समुंदर सिंह याला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगात गेला.  2002 साली सिस्टरांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्याच्या हातावर राखी बांधली. 2006 साली तो सुटला आणि पुढे केरळमध्ये त्यांच्या आईवडिलांना जाऊन भेटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. राखी हा काही कॅथोलिक विधी नव्हे, तरीही क्षमेला हात लागतो आणि धागा लागतो, हे त्या एका प्रसंगातून जितके कळते, तितके पुस्तिकेच्या अर्ध्या पानातून कळत नाही. पुढच्या आवृत्तीत ही कथा घालावी, अशी प्रकाशकांना विनंती आहे.

आमच्या घरातील वापराविषयी सांगायचे तर बावखलाकडे (गोड्या पाण्याच्या तळ्याकडे) जाणाऱ्या वाटेच्या वादामुळे माझे आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचे गेली सहा वर्षे बोलणे नाही. तसबीर ज्या भिंतीवर टांगली, तिच्या समोरच्या खिडकीतून दादांचा ओटा दिसतो. हे जमून आले, ठरवून केले नव्हते. नोव्हेनात प्रत्येक दिवशी वेगळ्या गटासाठी प्रार्थना असते. पहिला दिवस सर्व मानवजातीसाठी आणि विशेषतः पापी जनांसाठी आहे, आणि दादांना त्या दिवसात बसवताना मला फारसा विचार करावा लागला नाही. शत्रूंसाठी वेगळा दिवस का नाही, असा प्रश्नही त्या वेळी पडला. पण लहान मण्यांवर 'आमच्यावर आणि सर्व जगावर दया कर' हे रोज पन्नास वेळा म्हणावे लागते, आणि त्या सर्व जगातून एक ओटा वगळण्याची सोय प्रार्थनेत नाही. नववा दिवस कोमट आत्म्यांसाठी आहे, ज्यांच्यामुळे येशूला सर्वाधिक क्लेश होतात असे फौस्टिना लिहितात. 850 रुपयांचा संच घेऊन समोरच्या घराकडे पाठ फिरवून बसणारा माणूस कोणत्या दिवसात मोडतो, हे त्या दुपारी तीन वाजता, प्रार्थनेच्या वेळी, मला सांगावे लागले नाही.

दयेच्या रविवारी मिस्सेपूर्वी (चर्चमधील उपासनेपूर्वी) मी पापनिवेदन केले आणि मिस्सेनंतर दादांच्या ओट्यावर गेलो. वहिनींनी पाणी दिले, दादा आंब्याच्या मोहोराविषयी बोलले, वाटेचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना वहिनींनी प्रार्थनेची पुस्तिका मागितली, म्हणून सध्या ती त्यांच्याकडे आहे आणि वर दिलेल्या पानांच्या संख्या मी आधी केलेल्या टिपणावरून दिल्या आहेत.

तसबीर आणि पुस्तिका दुकानदार माळेशिवायही देतो, फक्त तसे मागावे लागते. दोन्हींचे मिळून 620 रुपये होतात. चित्राखालची ओळ दिसते की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे आणि दोन्ही किरण दिवसाच्या उजेडात निरखावेत. वाटेच्या मोजणीचा अर्ज मी मागे घेतलेला नाही, आणि दादांनीही आपला घेतलेला नाही.